एक चिन्ह, दोन क्रमांक

शास्त्रीय लेखनांत जीं चिन्हें नित्य वापरलीं जातात, त्यांमध्यें ग्रीक वर्णमालेंतील 'म्यू' हें अक्षर आकारानें अगदींच साधें आहे. रोमन लिपींतील लहान 'यू'च्या डाव्या अंगाला एक लांब शेपटी खालीं सोडली म्हणजे त्याची आकृति पुरी होते. एखाद्या एककाच्या खुणेपूर्वीं हें अक्षर आलें, कीं त्या एककाचा दशलक्षांश समजावयाचा, असा जगभरच्या शास्त्रज्ञांचा संकेत आहे. मीटरचा दशलक्षांश तो मायक्रोमीटर; माणसाच्या रक्तांतील तांबडी पेशी सुमारें ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते. ग्रॅमचा दशलक्षांश तो मायक्रोग्रॅम. कंठग्रंथीच्या विकारावर रोग्याला सकाळीं जी बारीकशी गोळी घ्यावी लागते, तिच्यांतील औषध २५, ५० किंवा १०० मायक्रोग्रॅम इतकेंच असतें.

कागदावर हें चिन्ह एकच आहे. संगणकांत मजकूर ज्या रीतीनें साठविला जातो तींत मात्र या एकाच आकृतीला दोन निरनिराळे क्रमांक आहेत, आणि कांहीं जुन्या दस्तऐवजांत तर तिच्या मागें तिसऱ्याच एका अक्षराचा क्रमांक दडलेला आहे. हें कसें घडलें याचा इतिहास मनोरंजक आहेच. परंतु औषधाचें प्रमाण हजारपट चुकविण्याचें सामर्थ्य त्यांत असल्यामुळें तो नुसत्या मनोरंजनाचा विषय राहत नाहीं.

चिन्हाचा जन्म संगणकाच्या कितीतरी आधींचा आहे. ग्रीक भाषेंत 'मिक्रोस' म्हणजे लहान. १८७३ सालीं ब्रिटिश असोसिएशनच्या एका समितीनें सेंटिमीटर, ग्रॅम व सेकंद यांवर आधारलेल्या मापनपद्धतीचा पुरस्कार केला, तेव्हां दहा लक्ष पटीसाठीं 'मेगा' आणि दशलक्षांशासाठीं 'मायक्रो' हे दोन उपसर्ग तिच्यांत घेतले. १८७९ सालीं वजनें व मापें यांच्या आंतरराष्ट्रीय समितीनें मीटरच्या दशलक्षांशाला 'मायक्रॉन' म्हणून मान्यता देऊन त्याचें चिन्ह म्यू ठरविलें. त्या काळीं म्यू एकटेंच उभें राहून एक लांबी सांगत असे. १९६० सालीं वजनें व मापें यांच्या अकराव्या सर्वसाधारण परिषदेनें आजची आंतरराष्ट्रीय एककपद्धति सिद्ध केली आणि तींत म्यूला उपसर्गाचें स्थान दिलें. पुढें १९६७-६८ च्या तेराव्या परिषदेनें मायक्रॉन हें नांव व त्याचें स्वतंत्र चिन्ह रद्द केलें. तेव्हांपासून म्यूला एकटें राहतां येत नाहीं. त्याच्या पुढें मीटर, ग्रॅम, सेकंद असें कांहीं तरी यावेंच लागतें.

रोमन 'एम्'वर हें काम भागण्यासारखें नव्हतें, कारण तें अक्षर सर्व बाजूंनीं गुंतलेलें आहे. लहान एम् म्हणजे मीटर; तोच उपसर्ग म्हणून आला तर 'मिली', म्हणजे हजारांश; आणि मोठा एम् म्हणजे 'मेगा', म्हणजे दहा लक्ष पट. मायक्रो आणि मिली यांत हजारपटीचें अंतर आहे. मायक्रो आणि मेगा यांत तर एक लक्ष कोटी पटीचें अंतर पडतें. म्यूची ती शेपटी इतका भार वाहते. ती गळली किंवा अक्षर बदललें, तर संख्या जागच्या जागीं राहून तिचा अर्थ मात्र पार बदलून जातो.

छापखान्यांत या चिन्हानें फारसा त्रास दिला नाहीं. गणिताचीं व शास्त्राचीं पुस्तकें काढणाऱ्या छापखान्यांजवळ ग्रीक खिळे असत, आणि जुळारी त्यांतला हवा तो खिळा उचलून ओळींत बसवीत असे. होमरच्या काव्यांतील म्यू आणि सूक्ष्मदर्शकाच्या अहवालांतील म्यू हीं दोन अक्षरें आहेत कीं एक, हा प्रश्न त्याच्यापुढें कधीं आलाच नाहीं; दोन्ही कामें एकाच शिशाच्या तुकड्यानें होत. टंकलेखनयंत्रावर ग्रीक कळ नसे, तेव्हां 'यू' उमटवून त्याला मागाहून शाईनें शेपटी काढण्याचा प्रघात पडला. ओबडधोबड खरा, पण वाचणाऱ्याला पुरेसा.

या दोन्ही ठिकाणीं अक्षराची ओळख डोळ्यानें पटत होती. तारायंत्रानें ही रीत मोडली. तारेंतून आकृति जात नाहीं, विजेचे ठोके जातात. म्हणून प्रत्येक अक्षराला ठोक्यांचा एक ठराविक संच नेमून द्यावा लागतो आणि दोन्ही टोकांना तोच तक्ता ठेवावा लागतो. एमिल बोदो या फ्रेंच तंत्रज्ञानें १८७४ सालीं ज्या पद्धतीचें पेटंट घेतलें, तींत प्रत्येक अक्षरासाठीं पांच ठोक्यांचा संच होता. अशा संचांची एकूण संख्या ३२ भरते. संगणकानें हीच कल्पना पुढें चालविली. त्याच्या कोठारांत अक्षरें नसतात, क्रमांक असतात. कोणत्या क्रमांकाचें कोणतें अक्षर, हें माणसांनीं आपसांत ठरवून तक्त्यांत लिहून ठेवलेलें असतें.

अशा तक्त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'ॲस्की'. त्याचें पहिलें रूप अमेरिकेंत १९६३ सालीं प्रसिद्ध झालें आणि १९६७ च्या सुधारलेल्या आवृत्तींत लहान अक्षरेंही आलीं. शून्य व एक या दोनच अंकांच्या सात घरांनीं १२८ जागा होतात, तेवढ्यांत सारें बसविलें होतें: मोठा एम् ७७, लहान एम् १०९, लहान यू ११७. ग्रीक अक्षर त्यांत एकही नव्हतें. प्रयोगशाळांचें काम मात्र थांबण्यासारखें नव्हतें. म्हणून १९७४ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेनें, ज्या यंत्रांत अक्षरें थोडीं आहेत त्यांवर एककें कशीं लिहावीं याचें एक प्रमाण काढलें, आणि त्यांत म्यूऐवजीं साधा 'यू' वापरण्याची मोकळीक दिली. टंकलेखकाची जुनीच युक्ति, फक्त शेपटीवांचून. ती निर्धोकही होती, कारण 'यू' हा दुसरा कोणताही उपसर्ग नाहीं. चिन्ह बदललें तरी अर्थ ढळत नव्हता.

पुढें यंत्रें आठ घरांचा गट वापरूं लागलीं आणि जागा १२८ वरून २५६ वर गेल्या. या वाढीव जागांत म्यूचा प्रवेश झाला, पण तो एकाच दारानें झाला नाहीं. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें वैयक्तिक वापराचा संगणक बाजारांत आणला. त्याच्या संचांत म्यूला २३० ही जागा मिळाली. १९८३ सालीं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीनें आपल्या यंत्रांसाठीं जो संच काढला, त्यांत तें १८१ व्या जागीं बसलें. १९८७ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेनें पश्चिम युरोपांतील भाषांसाठीं संच ठरविला, तेव्हां हीच १८१ ची जागा कायम झाली. या संचांत ग्रीक वर्णमाला नाहीं. अल्फा नाहीं, बीटा नाहीं. म्यू तेवढें आहे, आणि तेंही अक्षर म्हणून नव्हे, तर 'मायक्रोचें चिन्ह' म्हणून. त्याच वर्षीं त्याच संस्थेनें ग्रीक भाषेसाठीं वेगळा संच ठरविला. त्यांत म्यू अक्षर म्हणून, वर्णमालेंतील आपल्या क्रमानें, २३६ व्या जागीं आलें.

एकाच आकृतीचे दोन क्रमांक होण्याचें मूळ येथें आहे. दोन्ही तक्ते एकमेकांस अनोळखी होते. फ्रान्समध्यें १८१ क्रमांकानें नोंदलेलें मापन अथेन्समध्यें ग्रीक तक्ता लावून उघडलें, तर चिन्हाच्या जागीं ग्रीक लिपींतील स्वरावरची एक खूण दिसे. आणि अथेन्सचा २३६ पॅरिसला गेला, म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'आय' उमटे. क्रमांक जसाच्या तसा पोंचला, पण तक्ता बदलल्यामुळें अक्षर बदललें.

असला घोटाळा निदान डोळ्यांत भरत असे. याहून घातक प्रकार छपाईच्या एका सोयींतून निघाला. १९८५ सालीं ॲपल कंपनीचें 'लेझरराइटर' हें मुद्रणयंत्र आलें. त्यांत टाइम्स, हेल्व्हेटिका व कुरिअर यांच्या जोडीला 'सिम्बॉल' नांवाचा एक टाइप होता. या टाइपांत रोमन अक्षरांच्याच जागांवर ग्रीक आकृति बसविल्या होत्या: ए च्या जागीं अल्फा, बी च्या जागीं बीटा, लहान एम् च्या जागीं म्यू, मोठ्या डब्ल्यू च्या जागीं मोठा ओमेगा. लेखकानें लहान एम् ची कळ दाबावी आणि त्या अक्षराला हा टाइप चढवावा, कीं कागदावर सुरेख म्यू उमटे. पुढें वैयक्तिक संगणकांवरही हा टाइप सर्रास आला, आणि प्रबंध, अहवाल, कोष्टकें यांत त्याचा मुक्तहस्तें उपयोग झाला.

परंतु वेष ग्रीक असला तरी आंतला क्रमांक १०९ च, म्हणजे लहान एम् चाच होता. तोच मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेला, नुसता साधा मजकूर म्हणून उचलला गेला किंवा एखाद्या नोंदपत्रकांत चिकटविला गेला, कीं टाइप मागें राही आणि वेष उतरे. म्यूचा एम् होई. दहा ओहमचा विद्युत्‌रोध दहा वॅट म्हणून वाचला जाई, कारण ओमेगाखालीं डब्ल्यू दडलेला होता. आणि १०० मायक्रोग्रॅमचे १०० मिलिग्रॅम होत. चिन्हाच्या जागीं रिकामा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह आलें असतें, तर वाचणारा थबकला असता. येथें त्याला थबकण्याचें कारणच उरत नाहीं. मिलिग्रॅम हें औषधांच्या जगांत रोजचें माप आहे. ओळ निर्दोष दिसते आणि मात्रा हजारपट वाढलेली असते.

वैद्यकीय व्यवहारांत या चिन्हाविषयींची धास्ती संगणकाच्याही आधींची आहे, कारण घाईच्या हस्ताक्षरांत म्यू आणि एम् यांतील भेद पुसट होतो. औषधांच्या सुरक्षित वापरासाठीं काम करणारी अमेरिकेंतील 'इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस' ही संस्था म्यूनें आरंभ होणारा मायक्रोग्रॅमचा संक्षेप टाळावा आणि 'एम्-सी-जी' असें लिहावें, असें सांगते. 'ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी' हा ब्रिटनमधील औषधांचा प्रमाणग्रंथ एक पाऊल पुढें जाऊन मायक्रोग्रॅम या शब्दाचा संक्षेपच करूं नये, तो पुरा लिहावा, असें बजावतो. भारतांतही औषधांच्या वेष्टनांवर 'एम्-सी-जी' हीं रोमन अक्षरें सर्रास आढळतात. ज्या चिन्हाला शास्त्रज्ञांनीं आंतरराष्ट्रीय मान्यता दिली, तें रोग्याच्या उशाशीं मात्र नको झालें.

सर्व लिप्यांना एकाच तक्त्यांत आणण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे 'युनिकोड'. त्याची पहिली आवृत्ति ऑक्टोबर १९९१ मध्यें निघाली. आकृतीला नव्हे तर अक्षराला क्रमांक द्यावयाचा, आणि तो एकदांच द्यावयाचा, हें त्याचें मुख्य तत्त्व. या तत्त्वानें म्यूला एकच क्रमांक मिळावयास हवा होता. पण युनिकोडपुढें दुसरेंही एक कर्तव्य होतें. जुन्या तक्त्यांतील मजकूर नव्यांत आणावा आणि हवा तेव्हां बिनचूक परत नेतां यावा, असें वचन त्याला द्यावयाचें होतें. तें दिलें नसतें, तर आधींच्या दस्तऐवजांचे मालक त्याच्याकडे फिरकले नसते. म्हणून पश्चिम युरोपीय संचाच्या २५६ जागा नव्या तक्त्याच्या आरंभीं जशाच्या तशा ठेवण्यांत आल्या, आणि त्यांबरोबर १८१ क्रमांकाचें मायक्रोचिन्ह आलें. ग्रीक वर्णमालेला तिच्या विभागांत जागा मिळाली; तेथें म्यूचा क्रमांक ९५६ ठरला. आशियाई संचांच्या वारशानें आणखीही जोडचिन्हें आलीं. ग्रीक ओमेगा ९३७ आणि ओहमचें चिन्ह ८४८६. रोमन के ७५ आणि केल्व्हिनचें चिन्ह ८४९०. इतकेंच काय, म्यू आणि जी एका चौकटींत बसवून अख्ख्या मायक्रोग्रॅमलाही १३१९७ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला.

आतां यंत्राला कसें कळावें कीं १८१ आणि ९५६ हे एकच? त्याला डोळे नाहींत. त्याच्या लेखीं दोन भिन्न संख्या म्हणजे दोन भिन्न वस्तु. तेव्हां सारखेपणाचेही नियम लिहून द्यावे लागले. हा प्रश्न मराठी वाचकाच्याही अंगणांतला आहे. 'वऱ्हाड' या शब्दांतील रकार युनिकोडमध्यें २३५३ या एका क्रमांकानें लिहितां येतो, किंवा २३५२ चा साधा र आणि त्याखालीं २३६४ चा नुक्ता अशा जोडीनेंही लिहितां येतो. युनिकोडनें या दोन रूपांना सर्वथा समान ठरविलें आहे. नियम पाळणाऱ्या यंत्रानें त्यांत भेद करतां कामा नये. ओहम व केल्व्हिन यांचीं चिन्हेंही त्यांच्या मूळ अक्षरांशीं अशींच पूर्णपणें समान मानलीं आहेत. मायक्रोचिन्हाला मात्र दुसऱ्या, अधिक सैल वर्गांत ठेवलें आहे. तें ग्रीक म्यूशीं 'सुसंगत' आहे, पण समान नाहीं. मजकूर नीट लावण्याच्या सौम्य रीतींत १८१ हा १८१ च राहतो. कडक रीतींतच त्याचा ९५६ होतो.

या बारीकशा भेदाचे परिणाम रोजच्या कामांत दिसतात. जर्मन कळफलकावर म्यूची सोय आहे, फ्रेंच कळफलकावरही आहे, मॅकिंटॉशवर ऑप्शनची कळ धरून एम् दाबला कीं म्यू येतें. या सर्वांतून १८१ निघतो. ग्रीक कळफलकावरून ९५६ निघतो. दोघांनीं एकाच द्रव्याचें एकच प्रमाण नोंदलें आणि नोंदवहीच्या यंत्राला कडक नियम शिकविलेला नसला, तर एकाचा शोध घेतांना दुसऱ्याची नोंद सांपडत नाहीं. पडद्यावर दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या दिसत असल्यामुळें शोधणाऱ्याला कारणही उमगत नाहीं. 'पायथॉन' या संगणकभाषेच्या कर्त्यांनीं ही अडचण ओळखून नांवांच्या बाबतींत कडक रीत अवलंबिली. तेथें नांवांत लिहिलेलें मायक्रोचिन्ह मुकाट्यानें ग्रीक म्यू होतें.

याहून विलक्षण प्रकार मोठ्या अक्षरांचा आहे. युनिकोडच्या नियमानें मायक्रोचिन्हाचें मोठें रूप म्हणजे ग्रीक मोठें म्यू, क्रमांक ९२४. आणि तें दिसावयास हुबेहूब रोमन मोठ्या एम् सारखें असतें. शीर्षकांतील सर्व अक्षरें मोठीं करावीं अशी आज्ञा यंत्राला दिली, तर मायक्रोचें चिन्ह डोळ्याला मेगाचें भासतें. यंत्रानें नियम मोडलेला नसतो. त्यानें अक्षराचा नियम चिन्हाला लावलेला असतो. ग्रीक शब्दांत म्यूला मोठें रूप असणें योग्यच आहे. मापांत मात्र लहान-मोठेपणा हाच अर्थ असतो.

क्रमांक ठरल्यावर तो साठविण्याची रीतही ठरवावी लागते. आज सर्वत्र रूढ असलेली 'यूटीएफ-८' ही रीत केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ च्या सप्टेंबरांत न्यू जर्सींत आंखली. तिच्यांत १८१ हा १९४ व १८१ अशा दोन अंशांनीं लिहिला जातो, आणि ९५६ हा २०६ व १८८ असा. पहिली जोडी जुन्या पश्चिम युरोपीय तक्त्यानें वाचली, तर म्यूच्या आधीं टोपी घातलेला एक 'ए' फुकट उमटतो. संकेतस्थळांवर किंवा पावत्यांवर मापांच्या आधीं हा आगंतुक 'ए' पुष्कळांनीं पाहिला असेल. तो कुरूप असला तरी प्रामाणिक आहे. कांहीं तरी बिघडलें आहे असें तो उघड सांगतो.

युनिकोडच्या गणितविषयक अहवालानें ग्रीक म्यूला पसंती दिली आहे, पण यंत्रांनीं मायक्रोचिन्हही ओळखलें पाहिजे असें सांगितलें आहे. जुना क्रमांक काढून टाकण्याचा मार्ग बंद आहे. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून एकदां दिलेला क्रमांक परत घ्यावयाचा नाहीं, असा युनिकोडचा दंडक आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. क्रमांक परत घेतले, तर त्यांच्या भरंवशावर लिहिलेला मजकूर उद्यां वाचतां येणार नाहीं. तेव्हां हे दोन्ही क्रमांक यापुढें बरोबरच नांदणार.

छापखान्याच्या काळांत अक्षर आणि चिन्ह यांतील भेद कोणी विचारला नाहीं, कारण वाचणारा माणूस संदर्भानें तो आपोआप जाणत होता. यंत्राच्या हातीं मजकूर गेल्यावर जें न बोलतां समजत होतें तें नियमानें लिहून द्यावें लागलें, आणि लिहितांना एक राहिलें कीं त्याचा भुर्दंड शेवटीं वाचणाऱ्यावरच पडतो. म्हणून औषधाच्या चिठ्ठीवर मायक्रोग्रॅम हा शब्द पुरा लिहिण्याचा आग्रह कालबाह्य वाटला तरी तो नाहीं. शब्दांत पुष्कळ अक्षरें असतात. त्यांतलें एखादें बिघडलें तरी उरलेलीं अर्थ राखतात. चिन्हाजवळ राखीव असें कांहींच नसतें. तें बिघडलें, कीं सारा अर्थच जातो.